गल्ल्यामागची खुर्ची

आमच्या लहानपणी औषध घरून नेलेल्या बाटलीत मिळायचं. बाटली धुऊन, बूच शोधून दवाखान्याच्या खिडकीसमोर रांग लावायची. कंपाउंडर चिठ्ठीवर नजर टाकायचा, मागच्या मोठ्या बरणीतलं लाल मिक्सचर बाटलीत ओतायचा आणि बाटलीच्या पोटावर गोंदाने कागदाची पट्टी डकवायचा. पट्टीला कात्रीने खाचा पाडलेल्या असत. एक खाच, एक डोस. पावडर असली तर ती खलात घोटायची, चौकोनी कागदांवर सुरीच्या टोकाने सारखी वाटायची आणि पुड्या बांधायच्या. घडी अशी पक्की की दिवसभर शाळेत पुडी खिशात चुरगळली तरी कण बाहेर येत नसे. पेपरमिंटचा वास कुठे आला की मला अजून रायपूरचं जुनं डी. के. हॉस्पिटल आठवतं.

रायपूरच्या मराठी माणसाला नागपूर कधी परकं वाटलं नाही. संबंध थेट भोसल्यांच्या राज्यापासूनचा. तात्यापारा, बुढापारा या वस्त्या, चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ, माधवराव सप्रे आणि वामनराव लाखे यांच्या नावाच्या शाळा, या सगळ्यांत आम्ही वाढलो. 1956 पर्यंत तर आमची राजधानीच नागपूर होती. ती भोपाळला गेली तरी आमच्या वडीलधाऱ्यांचं मन नागपूरलाच राहिलं. घरातल्या पोराने फार्मसी करायचं ठरवलं की ट्रंक भरून गाडी पकडायची ती नागपूरचीच.

बीरगांव त्या काळी शहराबाहेर, बिलासपूर रस्त्यालगतचं खेडं. भाताची शेतं, तलाव, आणि पलीकडे रावांभाठ्याची बंजारी माता. मग उरल्याला औद्योगिक क्षेत्र आलं, पुढे सिलतरा आलं. रोलिंग मिल, स्पंज आयर्नचे कारखाने, धुराडी. ओडिशातून, बिहारमधून, आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडून माणसं कामाला आली आणि इथेच राहिली. आज बीरगांवला स्वतःची महापालिका आहे. सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी राखाडी होऊन दोरीवरून उतरतो. सरकारी दवाखान्यातली फार्मासिस्टची नोकरी संपल्यावर मी इथल्याच एका मेडिकलमध्ये बसायला लागलो, त्याला बराच काळ झाला. या कट्ट्यावरून जुनं आणि नवं दोन्ही दिसतं. त्यातलं जुनं आठवताना मला एक गोष्ट नेहमी खटकते: खिडकीच्या आत कोण असायचं आणि बाहेर कोण.

पुड्यांच्या आठवणी काढताना आम्ही ही बाजू गाळतो. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र दिलं आहे. हे पत्र गांधीजींच्या 'यंग इंडिया'त डिसेंबर 1929 मध्ये छापलं गेलं होतं. शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडते. डॉक्टर वस्तीत यायला नाखूश. येतो तेव्हा थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती देतो. तो नवऱ्याकडे देतो, नवरा बायकोला लावतो, आणि परत त्याच वाटेने थर्मामीटर डॉक्टरकडे जातं. बाई वाचत नाही. औषध देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या हातांमधलं अंतर किती असू शकतं, हे यापेक्षा स्पष्ट मी कुठे वाचलेलं नाही. आमच्याकडे इतकं टोक मी पाहिलं नाही. पण सतनामी या इथल्या दलित समाजाच्या वस्तीतून आलेल्या बाईच्या बाटलीत मिक्सचर जरा उंचावरून ओतलं जायचं, हे मी पाहिलेलं आहे. ओतणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं आणि रांगेतल्या आम्हालाही.

आत कोण उभं राहणार हे ठरवणारा कायदा आला 1948 साली, फार्मसी अ‍ॅक्ट. औषध तयार करून देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच असावा, हा त्याचा गाभा. पण तेव्हा देशात फार्मसीचे पदवीधर होते किती! महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात हे शिक्षण सुरू केलं 1932 साली, म्हणजे अवघ्या सोळा वर्षांपूर्वी. म्हणून पहिल्या नोंदवहीत अनुभवालाही मान दिला गेला. दवाखान्यात किंवा औषधालयात 5 वर्षं औषधं बनवण्याचं काम केलेल्याचं नाव त्या वहीत चढू शकत होतं. व्यवहारी तरतूद होती, तिला नावं ठेवायला जागा नाही. पण ती 5 वर्षं काढायला कुणाला मिळाली असतील, याचा विचार करा. ज्याचा मामा डॉक्टर, ज्याच्या काकांचं दुकान, ज्याला खिडकीच्या आत यायला मनाई नव्हती, त्याला. ज्याच्या बाटलीत उंचावरून ओतलं जायचं, त्याच्या घरातलं कोण आत कंपाउंडर होणार होतं? धंद्याची पहिली पिढी अशी तयार झाली. तिने पुतण्यांना, भाच्यांना, मेहुण्यांना हाताशी धरून दुसरी तयार केली. रायपूरच्या औषधबाजारातली जुनी नावं वाचली तर हा वंशवृक्ष आजही दिसतो.

नागपूरला शिकत असताना वर्गात बलौदाबाजारकडचा एक मुलगा होता. सतनामी घरातला, गणितात आम्हा सगळ्यांच्या पुढे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही देशातल्या सगळ्यात जुन्या योजनांपैकी एक. इंग्रज असतानाच, 1944 मध्ये, ती सुरू झाली. त्याच शिष्यवृत्तीवर तो शिकत होता. मात्र तिचा चेक वर्ष उलटता उलटता यायचा. तोवर मेसचं बिल थकायचं, कार्यालयातला बाबू 'आज या, उद्या या' करायचा. त्याला तारलं ते वसतिगृहाने. नागपुरात चोखामेळा वसतिगृहासारख्या जागा होत्या आणि त्यांचं काम छप्पर देण्यावर संपत नसे. वरच्या वर्षातला मुलगा आपल्या वह्या खालच्याला देऊन जायचा. कुठल्या दुकानदाराकडे मागितलं तर जुनं फार्माकोपिया बघायला मिळतं, कुठला सर घरी आलेल्याला हाकलत नाही, अर्ज कुठल्या टेबलावर अडकतो आणि तो कसा सुटतो, असली माहिती तिथे ताटाबरोबर वाढली जायची. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातवार वसतिगृहं काढली आणि 1902 मध्ये नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, तेव्हा त्यांना हेच उमगलं असावं. नुसत्या राखीव जागेने पोर टिकत नाही, त्याला राहायला घर आणि विचारायला माणूस लागतो.

तो पास झाला. मीही झालो. सरकारी नोकरी लागण्याआधी मला वडिलांच्या मित्राच्या दुकानात गल्ल्यामागे खुर्ची मिळाली. औषधं मी कॉलेजात शिकलो होतो, धंदा त्या खुर्चीत शिकलो. स्टॉकिस्टकडून उधारी किती दिवसांची मिळते, एक्सपायरीचा माल परत कसा करायचा, कुठल्या डॉक्टरचं अक्षर कसं लावायचं, एम.आर.ने स्कीम दाखवली की किती हुरळायचं आणि कुठे थांबायचं. त्याला अशी खुर्ची कुणी दिली नाही. रायपुरात तो दुकानादुकानांतून फिरला. त्याचं सर्टिफिकेट सगळ्यांना हवं होतं, तो कुणाला नको होता. शेवटी एका दुकानाने ते काचेच्या चौकटीत भिंतीवर टांगलं आणि महिन्याला ठरलेली रक्कम त्याच्या हातावर ठेवली. तो गावी शेती बघायला लागला. औषधाच्या दुकानात परवान्यासाठी एकाचं नाव आणि कट्ट्यावर भलताच कुणी, हे आपल्या धंद्याचं जाहीर गुपित आहे. त्यात ग्राहकाचा धोका आहे, हे सगळे बोलतात. ज्याचं नाव भिंतीवर लटकतं त्याचा अनुभव मात्र शून्यावरच राहतो, आणि अनुभव नाही म्हणून पुढची नोकरी नाही, याबद्दल कुणी बोलत नाही. वर्गात आमच्या पुढे असलेला तो मुलगा औषधांच्या जगात त्या चौकटीपलीकडे गेला नाही.

आता आजचं बघा.

1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड वेगळं राज्य झालं. फार्मसीसाठी आता नागपूर गाठावं लागत नाही. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात फार्मसी शिकवली जाते. बिलासपूरला गुरू घासीदास विद्यापीठातही. सतनामी पंथाच्या प्रवर्तकाच्या नावाचं विद्यापीठ, 2009 पासून केंद्रीय दर्जाचं, आणि त्यात औषधनिर्माणशास्त्राचा विभाग. माझ्या वर्गमित्राच्या वडिलांना हे सांगितलं असतं तर त्यांनी थट्टा समजली असती. भिलाई, रायपूर, दुर्ग या पट्ट्यात खासगी कॉलेजंही भरपूर निघाली. राज्याच्या प्रवेशांत अनुसूचित जमातींना 32, अनुसूचित जातींना 12 आणि इतर मागासवर्गीयांना 14 टक्के जागा ठेवण्याचं धोरण आहे. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, पण धोरण टिकून आहे. शिष्यवृत्तीचा चेक कुठल्या बाबूच्या कपाटात झोपत नाही, पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. डिसेंबर 2020 मध्ये केंद्राने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा भार राज्यांशी 60:40 असा वाटून घ्यायचं ठरवलं, तेव्हापासून योजनेला बळही आलं.

आणि मुली! आमच्या वर्गात बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आज बीरगांवातून सकाळी कॉलेजच्या बसमध्ये चढणाऱ्यांत पांढरा ॲप्रन हातावर घेतलेल्या मुली सहज दिसतात. कुणाचे वडील रोलिंग मिलमध्ये भट्टीवर, कुणाची आई चार घरी कामाला. आमच्या कट्ट्यावर आलेला बदलही मोठा. बाटली, बूच, खल यांतलं काही उरलं नाही. सगळं पट्टीबंद येतं, बिल संगणकावर निघतं आणि 1 ऑगस्ट 2023 पासून खपाच्या 300 ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक झालं. पोरं मोबाइल लावून बॅच नंबर तपासतात. आम्ही बाटली उजेडात धरून गाळ बघायचो. हा बदल उत्तम आहे. जुन्या मिक्सचरचं मला प्रेम असलं तरी त्यातल्या मापाचा भरवसा कंपाउंडरच्या मूडवर होता, हे मला ठाऊक आहे.

प्रवेशाचं दार उघडलं, फीचा प्रश्न हलका झाला. मग अडतं कुठे? या कट्ट्यावर येणाऱ्या पोरांकडून मला उत्तर कळत गेलं, आणि ते तीन ठिकाणी अडतं.

पहिलं, कागद. अनुसूचित जाती-जमातीच्या दाखल्यासाठी कुटुंब 1950 च्या आधीपासून इथलं असल्याचा पुरावा लागतो. छत्तीसगडात त्यासाठी जुन्या मिसलीचा, म्हणजे महसुली नोंदीचा, कागद शोधत लोक वणवण करतात. बीरगांवातल्या निम्म्या गल्ल्या त्या सालानंतर वसल्या. गोंदियाकडून आलेल्या बौद्ध कुटुंबातली मुलगी इथेच जन्मली, इथेच शिकली, पण आजोबांची जमीन महाराष्ट्रात. महार जात दोन्ही राज्यांच्या यादीत आहे, तरी स्थलांतरिताला नव्या राज्याच्या सवलती मिळत नाहीत. या नियमावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं ते 1990 मध्ये, आणि खटला होता मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाचा. मर्री चंद्रशेखर राव हा आंध्रातल्या अनुसूचित जमातीचा मुलगा नऊ वर्षांचा असताना वडिलांच्या नोकरीमुळे महाराष्ट्रात आला होता. महाराष्ट्रात त्याला जमातीचा लाभ मिळणार नाही, असा निकाल लागला. कायद्याचं तर्कशास्त्र मला समजतं. पण ज्या घरांनी पोटासाठी राज्य ओलांडलं, त्यांच्या पोरांना ते फार महागात पडतं. नागपूरला राहिली असती तर त्या मुलीला महाराष्ट्र सरकारच्या स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे मिळू शकले असते, पुढे संशोधन केलं तर बार्टी या तिथल्याच सरकारी संस्थेची अधिछात्रवृत्ती. इथून ती या योजनांच्या जाहिराती मोबाइलवर वाचते. केंद्रीय संस्थांत मूळ राज्याचा दाखला चालतो, हे तिला सांगायला मात्र कुणी नसतं.

दुसरं, पुढचा रस्ता. आमच्या काळी बी. फार्म.नंतर दोनच वाटा दिसत, दुकान किंवा सरकारी दवाखाना. आज जीपॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन एम. फार्म.ला गेलं तर महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं. मोहालीचं नायपर, म्हणजे औषधनिर्माणाचं शिक्षण आणि संशोधन करणारी संस्था, 1998 मध्ये संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरलं, 2007-08 मध्ये अहमदाबाद, हैदराबाद, कोलकाता, हाजीपूर, गुवाहाटी आणि रायबरेलीला तिच्या बहिणी निघाल्या. तिथे केंद्राचं आरक्षण लागू आहे. औषध निरीक्षकाची परीक्षा आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या आहेत, चाचण्या घेणाऱ्या संस्था आहेत, हैदराबाद, पिथमपूर, बद्दी, गोव्यात कारखाने आहेत. 2008 पासून सहा वर्षांचा फार्म. डी. हा अभ्यासक्रमही आहे. हे सगळं माहितीच्या पानावर एका ओळीत मावतं. पण माझ्याकडे आलेल्या शेवटच्या वर्षातल्या मुलाने विचारलं, "कका, जीपॅट म्हंजे नेमकं काय, आणि फारम कधी सुटतो?" तेव्हा त्या वर्षीची मुदत टळून गेली होती. ज्याच्या घरात आधी कुणी ही परीक्षा दिली आहे, त्याला तिसऱ्या वर्षातच कळतं. उरलेल्यांना कळतं ते उशिरा. वसतिगृहात ताटाबरोबर वाढली जाणारी माहिती आता कुणी वाढत नाही. मुलं खोल्या घेऊन चार-चार जण राहतात आणि मोबाइलमधल्या क्लासकडून परीक्षा शिकतात. तो क्लास प्रश्नाचं उत्तर सांगतो, पण कुठल्या कंपनीच्या मुलाखतीत इंग्रजी अडखळलं तरी चालतं आणि कुठल्या नाही, हे सांगत नाही.

तिसरं मला सगळ्यात जास्त बोचतं, कारण ते आमच्याच हातात आहे. डी. फार्म. या पदविकेच्या विद्यार्थ्याला 500 तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावं लागतं, किमान तीन महिन्यांत, आणि त्यातले निम्मे तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरून औषध देण्याचे. नियम चोख आहे. व्यवहारात अनेक मुलं दुकानात येतात, फॉर्मवर शिक्का घेतात आणि निघून जातात. दुकानदारालाही बरं वाटतं, कारण गल्ल्याजवळ परकं पोर नको. ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांची 500 तासांऐवजी पाच हजार तास शिकवणी आपोआप होते. ज्यांच्या घरी भट्टी आहे त्यांच्या वाट्याला शिक्का. मग नोकरीच्या वेळी दोघांच्या हातात सर्टिफिकेट एकच असतं आणि हातातलं काम वेगळं. माझ्या वर्गमित्राची काचेची चौकट अजून भिंतीवर आहे, फक्त नावं बदलतात.

स्वतःचं दुकान हाही एक मार्ग झाला आहे. जनऔषधी केंद्रं 2008 मध्ये सुरू झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि महिला अर्जदारांना 5,000 रुपयांचं अर्जशुल्क माफ आहे, फर्निचर आणि संगणकासाठी 2 लाखांपर्यंत एकरकमी मदत आहे. मात्र हे पैसे दुकान उभं राहिल्यावर येतात. जागेचं डिपॉझिट, पहिला माल आणि पहिल्या सहा महिन्यांचा तोटा घरातूनच काढावा लागतो. बँकेत तारण लागतं, आणि उधारीवर माल द्यायला स्टॉकिस्टला ओळखीचं नाव लागतं. आमच्या नावावर माल मिळायचा, कारण वडिलांचा मित्र फोन करायचा.

कुणी म्हणेल, फार्मासिस्ट कुठल्या घरातून आला याने रोग्याला काय फरक पडतो? छत्तीसगडात राहून हा प्रश्न मला पडत नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये बिलासपूरजवळच्या पेंडारीतल्या नसबंदी शिबिरानंतर डझनाहून जास्त बायका दगावल्या. सगळ्या गरीब घरांतल्या. शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर आणि दिलेल्या गोळ्यांच्या दर्जावर गंभीर प्रश्न उठले. एका फार्मासिस्टने ते टळलं असतं असा दावा मी करणार नाही. पण गोळी हातात पडताच 'ही कसली, किती दिवस, कुठल्या कंपनीची' असं विचारायचं धैर्य बाईला कधी येतं? खिडकीच्या आत तिची बोली बोलणारी, तिच्या वस्तीतली मुलगी असते तेव्हा. आमच्या मेडिकलमध्ये प्रशिक्षणाला आलेली एक गोंड मुलगी कट्ट्यावर उभी राहायला लागली आणि ज्या बायका इतकी वर्षं मला फक्त चिठ्ठी दाखवायच्या, त्या तिला दहा प्रश्न विचारायला लागल्या. गोळी उपाशीपोटी चालेल का, दूध पाजत असले तर चालेल का, नवऱ्याने अर्धीच पट्टी आणली तर काय. मला हे प्रश्न कधी कुणी विचारले नव्हते.

म्हणून जुन्या दिवसांची आठवण काढताना मला त्यातलं एकच परत हवं आहे. मिक्सचर नको, उंचावरून ओतलेली बाटली तर नकोच. मला हवं आहे ते हाताशी धरून शिकवणं, जे आम्हाला नात्यामुळे मिळालं, पण नात्याच्या कुंपणाबाहेर नेलेलं. 500 तास कागदावर न राहता कट्ट्यावर भरले जावेत. कॉलेजांनी तिसऱ्या वर्षातच जीपॅटचं वेळापत्रक वर्गाच्या भिंतीवर लावावं आणि गेल्या वर्षी निवड झालेल्या मुलाला पुन्हा बोलवावं. महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांकडे सभागृहं आहेत, निवृत्त डॉक्टर-फार्मासिस्ट सभासद आहेत. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांतून एक संध्याकाळ मुलाखतीच्या सरावाला काढली तर कुणाचं काही बिघडणार नाही. आणि औषधबाजारातल्या जुन्या घरांनी दरवर्षी नात्याबाहेरचं एक पोर दुकानात घ्यावं, त्याला पगार द्यावा, उधारीच्या वहीपासून एक्सपायरीच्या खोक्यापर्यंत सगळं दाखवावं आणि स्टॉकिस्टला एक फोन करावा.

शेवटच्या मागणीला दुकानदारांकडून ठरलेली हरकत येते: "पोर शिकेल आणि समोरच दुकान टाकेल." टाकू दे की! बीरगांवात माणसं वाढतात तशी दुखणीही वाढतात, धंदा सगळ्यांना पुरेल. हे बोलणं काही दुकानदारांना पटलं आहे; उरलेल्यांशी माझं रोज दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, भांडण चालू असतं.